तरंगांची खतावणी

नागपुराहून आग्नेयेस निघालेल्या रस्त्याने सुमारे ४५ किलोमीटर गेले म्हणजे उमरेड हे तालुक्याचे गाव लागते. एका अंगास वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळशाच्या उघड्या खाणी, दुसऱ्या अंगास कऱ्हांडल्याचे अभयारण्य, आणि या दोहोंच्या मध्ये कापूस, सोयाबीन व मिरची पिकविणारी शेते, असा हा मुलूख आहे. या गावाचा दिवस नुसता कानांनी टिपावयाचे ठरविले, तर रोहित्राचा अखंड हुंकार, विहिरीवरील पंपाची घरघर, वीज गेल्यावर इन्व्हर्टरच्या जिवावर कण्हत फिरणारा पंखा, दुपारी खाणीत सुरुंग उडाला म्हणजे तावदानांतून धावून जाणारी थरथर, आणि सायंकाळी देवळात भजनास लागणारा तबला, एवढा ऐवज सहज पदरी पडेल. यांतील प्रत्येक ध्वनीच्या मुळाशी कशाचे तरी ठरावीक गतीने मागे-पुढे हलणे आहे. आणि ते हलणे किती मोठे, किती त्वरेचे व कोणकोणत्या हालचालींच्या मिश्रणाने झालेले, हे डोळ्यांनी पाहण्याची सोय ज्या दोन उपकरणांनी होते ती, म्हणजे ऑसिलोस्कोप व स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर, अगदी अलीकडेपर्यंत महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत कुलूपबंद कपाटातच पाहावयास मिळत. आज ती दोन्ही, मर्यादित अर्थाने का होईना, घरातील जुन्या लॅपटॉपमध्ये फुकट उतरवून घेता येतात. ही घटना तालुक्याच्या गावांच्या दृष्टीने किती महत्त्वाची आहे, याची आपल्याकडे पुरेशी दखल घेतली गेलेली नाही असे मला वाटते, आणि म्हणून हा लेखनप्रपंच.

ऑसिलोस्कोपचा जन्म १८९७ सालचा. कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने निर्वात काचनळीतील ऋणकिरणांची शलाका चुंबकाच्या योगाने हलवून, बदलत्या विद्युत्‌प्रवाहाचे चित्र पडद्यावर उमटविले. पुढे हेच तत्त्व घरोघरच्या दूरचित्रवाणी संचांत गेले. उपकरणाचे काम सांगावयास सोपे आहे. पडद्यावर डावीकडून उजवीकडे काळ सरकतो, आणि त्या त्या क्षणी विजेचा दाब जेवढा असेल तेवढ्या उंचीवर ठिपका उमटतो. मल्टिमीटर दाबाचा एकच आकडा सांगून थांबतो. ऑसिलोस्कोप त्या आकड्यामागील सगळी चढउतार उलगडून दाखवितो.

संगणकात हेच काम साउंड कार्ड करते. माइकवाटे आलेल्या दाबाचे मोजमाप ते सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा घेते, आणि प्रत्येक मोजमाप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवून त्याची संख्या करते. हे मोजणे ध्वनिमुद्रणासाठी म्हणून संगणकात घातले गेले. परंतु मोजणाऱ्या यंत्रास आपण गाणे मोजतो आहोत की इन्व्हर्टर, याचे सोयरसुतक नसते. त्या संख्यांचा आलेख काढण्याचे काम तेवढे सॉफ्टवेअरकडे राहते. जर्मनीतील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक क्रिस्टियान त्साइटनिट्झ यांनी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेला ‘साउंडकार्ड स्कोप’, इटलीत तयार झालेला ‘व्हिज्युअल अ‍ॅनलायझर’, लिनक्सवर चालणारा ‘एक्सऑस्कोप’, आणि ध्वनिसंपादनासाठी सर्वत्र वापरला जाणारा ‘ऑडॅसिटी’, ही या कामाची परिचित नावे होत.

आता दुसऱ्या उपकरणाकडे वळू. व्यापाऱ्याच्या पेढीवर दिवसभराचे व्यवहार ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने रोजकीर्दीत लिहिले जातात, आणि मग त्याच नोंदी उचलून खतावणीत ज्याच्या त्याच्या खाती मांडल्या जातात. रक्कम तीच, व्यवहार तेच, परंतु कोणाकडे किती निघाले हे रोजकीर्द चाळून कळत नाही, ते खतावणी उघडताच कळते. ऑसिलोस्कोप ही कंपनांची रोजकीर्द आहे, आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर ही त्यांची खतावणी. त्याच्या पडद्यावर आडव्या रेषेवर काळ नसून वारंवारता असते, म्हणजे सेकंदाला किती आंदोलने झाली ती संख्या, जी हर्ट्झमध्ये सांगतात. आणि त्या त्या वारंवारतेच्या खाती किती जोर जमा आहे तेवढे उंच शिखर तेथे उभे राहते.

कोणतेही गुंतागुंतीचे आवर्ती कंपन साध्या, गोल चढउताराच्या कंपनांची बेरीज म्हणून मांडता येते, हा सिद्धान्त जोझेफ फूरिये या फ्रेंच गणितज्ञाचा. ग्रनोबल येथे जिल्ह्याच्या मुलकी कारभाराची जबाबदारी सांभाळीत असताना त्याने उष्णतेच्या वहनाचा अभ्यास केला, आणि त्या अभ्यासाचा ग्रंथ १८२२ साली प्रसिद्ध झाला. सिद्धान्त निर्दोष असला तरी त्याची आकडेमोड मात्र जीव घेणारी होती: ४,०९६ मोजमापांची खतावणी सरळ रीतीने मांडावयाची तर सुमारे १ कोटी ६८ लाख गुणाकार करावे लागत. १९६५ साली कूली व टुकी या अमेरिकन गणितज्ञांनी जी त्वरित रीत प्रसिद्ध केली, तिने हेच काम पन्नास हजारांच्या घरात आणून ठेवले. एफएफटी या तीन अक्षरांनी प्रत्येक सॉफ्टवेअरच्या पडद्यावर जी नांदत असते ती हीच रीत. तिच्यावाचून साध्या लॅपटॉपला चालू ध्वनीचा वर्णपट डोळ्यांदेखत काढून दाखविणे जमले नसते.

एवढी तोंडओळख झाल्यावर प्रत्यक्ष उदाहरण घ्यावे, आणि ते इन्व्हर्टरचे घ्यावे. कारण भारनियमनाच्या वर्षांत विदर्भातील घराघरांत ही पेटी आली, आणि ती घेताना दुकानदाराने ‘साइन वेव्ह’ म्हणून सांगितलेली पेटी खरोखरीच तशी आहे की नाही हे पाहण्याचे साधन गिऱ्हाइकाच्या हाती काहीच नव्हते. महावितरणच्या तारेतून येणारी वीज सेकंदाला ५० वेळा गोलाईने वर चढते व खाली उतरते. आपण २३० व्होल्ट म्हणतो ते तिचे सरासरीवजा प्रभावी मूल्य; तिचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टांवर असते. स्वस्त इन्व्हर्टर ही गोलाई निर्माण करीत नाही. तो दाब एकदम वर नेतो, सपाट धरून ठेवतो, आणि एकदम खाली आणतो.

येथे सर्वांत आधी सांगावयाची गोष्ट जिवाची आहे. घरातील विजेची तार संगणकाच्या माइकच्या भोकाशी थेट जोडणे म्हणजे यंत्राचा आणि जोडणाऱ्याच्या प्राणाचा एकाच वेळी घात करणे होय. मध्ये ९ व्होल्टांचा छोटा ट्रान्सफॉर्मर असलाच पाहिजे, त्याच्या पुढे १०० किलो-ओहम व १ किलो-ओहम अशा दोन रोधांची साखळी लावून लहान रोधावरील शंभरावा हिस्साच घेतला पाहिजे, लॅपटॉप चार्जरपासून सोडवून बॅटरीवर चालविला पाहिजे, आणि २३० व्होल्टांच्या बाजूस हात लावण्याचे काम जाणत्या वायरमनने किंवा आयटीआयतील निदेशकाच्या देखरेखीखाली झाले पाहिजे. शिवाय आजच्या लॅपटॉपांना बहुधा माइक व इअरफोन यांचे एकच भोक असते, आणि ते फार नाजूक असते; म्हणून यूएसबीत बसणारे स्वस्तातले वेगळे साउंड कार्ड घ्यावे, म्हणजे चूक झालीच तर तेवढेच जाईल.

जोडणी झाली की सॉफ्टवेअर सुरू करावे, आणि त्यापूर्वी संगणकाच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज आपोआप कमी-जास्त करणाऱ्या व गोंगाट पुसणाऱ्या सगळ्या सोयी बंद कराव्यात. संभाषण सुखाचे व्हावे म्हणून केलेल्या या सोयी मोजणी मात्र बिघडवितात. मग आडवे माप एका घरास ५ मिलिसेकंद ठेवावे. पहिल्याने चित्र पडद्यावरून धावत सुटते. ते स्थिर करण्यासाठी ‘ट्रिगर’ नावाची योजना आहे: दाब अमुक पातळी ओलांडून वर जाऊ लागला म्हणजेच आलेख आरंभावा, असा हुकूम तिला दिला की प्रत्येक फेरी एकाच ठिकाणाहून सुरू होते आणि चित्र जागच्या जागी उभे राहते. महावितरणच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे, म्हणजे चार घरांत मावणारे दिसेल. आणि बारकाईने पाहिले तर त्या गोलाईचा माथा किंचित चेपलेला आढळेल, कारण गावातील टीव्ही, चार्जर, एलईडी दिवे हे सगळे दाबाच्या शिखरावरच आपला घोट घेतात.

मग वीज बंद करून इन्व्हर्टर चालू करावा. त्या पेटीतून निघणारा चौकोनी तरंग पडद्यावर आला की वर्णपटाची खिडकी उघडावी. ५० हर्ट्झला मुख्य शिखर, मग १०० ला जवळजवळ काही नाही, १५० ला मुख्य शिखराच्या एक तृतीयांश, २५० ला एक पंचमांश, ३५० ला एक सप्तमांश, अशी विषम पटींची उतरती रांग उभी राहते. पंख्याच्या गुंडाळीस यांतील ५० हर्ट्झचाच उपयोग. वरच्या शिखरांतील शक्ती तिच्यात उष्णता व गुणगुण होऊन वाया जाते. पंखा इन्व्हर्टरवर का कण्हतो, या घरगुती प्रश्नाचे उत्तर असे १५०, २५० व ३५० या आकड्यांनी लिहिलेले सापडते. चांगल्या इन्व्हर्टरचा वर्णपट काढला तर ही रांग फार खुजी असते, आणि खरेदीपूर्वी दोन पेट्यांची तुलना करावयाची असेल तर यापेक्षा निःपक्षपाती साक्षीदार मिळणे कठीण. मात्र चौकोनाचे सपाट माथे जरा उतरते दिसले तर त्याचा दोष लगेच इन्व्हर्टरच्या माथी मारू नये. साउंड कार्डाच्या प्रवेशद्वाराशी बसविलेला कपॅसिटर स्थिर दाब आत येऊच देत नाही, आणि त्यामुळे सपाट रेषा त्याच्या हातून उतरतीच निघते.

याच ५० हर्ट्झच्या शिखराकडे थोडे अधिक लक्ष दिले म्हणजे एक विलक्षण दृश्य समोर येते. त्यासाठी विजेच्या तारेला हात लावण्याचीही गरज नाही. माइकच्या पिनेला हातभर वायर जोडून ती नुसती मोकळी सोडली तरी घरातील वायरिंगची गुणगुण तीत उतरते. ही वारंवारता नेमकी ५० कधीच नसते. देशाच्या विद्युत्‌जालाच्या नियमांनी ती ४९.९० ते ५०.०५ यांच्या दरम्यान राखावयाची असते. मागणी वाढून निर्मिती अपुरी पडली की ती घसरते, मागणी ओसरली की वर जाते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली जाऊन दक्षिणेचे जाल उर्वरित देशाशी एकरूप झाले, तेव्हापासून कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांत मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरणारे टर्बाइन, तामिळनाडूतील टर्बाइन आणि पंजाबातील टर्बाइन ही सर्व एकाच तालाने फिरतात, आणि त्या तालातील चढउतार उमरेडच्या एखाद्या खोलीत टेबलावर पडलेली वायर इमानेइतबारे नोंदविते. ही नोंद वाचण्यासाठी धीर मात्र पाहिजे. कारण वारंवारता जितकी बारीक मोजावयाची तितका अधिक काळ ऐकावे लागते, हा फूरियेच्या गणिताचाच निर्बंध आहे: सेकंदाला ४८,००० या वेगाने ४,०९६ मोजमापे घेतली तर दोन शेजारच्या खात्यांत सुमारे १२ हर्ट्झचे अंतर राहते, ६५,५३६ घेतली तर पाऊण हर्ट्झचे, आणि एक शतांश हर्ट्झचा भेद स्पष्ट करावयाचा तर शंभर सेकंदांचे ध्वनिमुद्रण लागते. पुष्कळ नवशिके घाईने काढलेल्या वर्णपटात रुंद, बोजड शिखर पाहून यंत्रास नावे ठेवतात. त्यांनी आधी आपण किती वेळ ऐकले हे पाहावे.

तबल्याकडे येताना मला विशेष आनंद होतो, कारण येथे या उपकरणाची गाठ आपल्या कारागिरांच्या बुद्धीशी पडते. नुसते ताणलेले गोल कातडे वाजविले तर त्यातून निघणाऱ्या कंपनांचे प्रमाण १, १.५९, २.१४, २.३० असे विस्कळीत असते. पहिले शिखर ३०० हर्ट्झला धरले तर पुढची ४७८, ६४१, ६८९ अशी कोठेही पडतात, आणि कानाला त्यात स्वर सापडत नाही, थाप सापडते. विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी घरोघर पोचलेली खंजिरी लयीसाठी आहे, तिच्याकडून आपण स्वराची अपेक्षा करीत नाही. तबल्याच्या कातड्यावर मध्यभागी शाई चढविली की मात्र हीच कंपने ओळीत येऊन उभी राहतात: ३००, ६००, ९००, १,२००, १,५००. ही गोष्ट शास्त्रीय भाषेत प्रथम सांगितली चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी. अर्थखात्याच्या नोकरीत असताना १९१० च्या सुमारास ते काही काळ नागपुरासही होते. पुढे १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासह त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात मृदंग-तबल्याच्या स्वरसंवादाविषयी टिपण प्रसिद्ध केले, आणि १९३४ साली कातड्यावर बारीक वाळू पसरून, ती कोणत्या रेषांवर जाऊन स्थिरावते ते पाहून, कातड्याच्या नऊ निरनिराळ्या कंपनप्रकारांचे पाच सुसंवादी स्वरांत एकत्रीकरण कसे होते याचा तपशील मांडला. रामन यांच्या हाती संगणक नव्हता. आज शाळकरी मुलास तोच निष्कर्ष अर्ध्या तासात पडताळून पाहता येतो.

प्रयोग असा करावा. खोलीतील पंखा बंद करून, माइक तबल्यापासून हातभर अंतरावर ठेवून, ‘ऑडॅसिटी’त मुद्रण सुरू करावे आणि तबलजीस शाईच्या कडेला अनामिका हलकी टेकवून किनारेवर तर्जनीने ‘ना’ वाजविण्यास सांगावे. आघाताचा पहिला क्षण सोडून पुढचा निनाद तेवढा निवडून ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ हा आदेश दिला की शिखरांची रांग समोर येते, आणि टेकलेल्या अनामिकेने मूळ कंपन कसे दबले व वरची शिखरे कशी उठली हे दिसते. मग तबला मुद्दाम थोडा उतरवून, सोळा घरांपैकी एकाच बाजूची घरे चढी ठेवून, पुन्हा तेच करावे. आता एखाद्या शिखराच्या जागी दोन जुळी शिखरे दिसू लागतात, समजा ५९८ व ६०२ हर्ट्झला. आणि या दोहोंमधील फरकाइतके, म्हणजे सेकंदाला चार, हेलकावे त्या निनादात कानालाही ऐकू येतात. तबलजी हातोडीने गजऱ्यावर एकेक घर ठोकीत, कान देत, मान हलवीत जे करतो ते या दोन शिखरांना एकत्र आणण्याचेच काम होय. तो ते पडद्याकडे न पाहता, पिढ्यान्‌पिढ्यांच्या शिक्षणाच्या जोरावर करतो, आणि त्याच्या कानाचा निवाडा व यंत्राचा निवाडा एकच निघतो, हे डोळ्यांनी पाहिल्यावर त्या कानाविषयीचा आदर दुणावतो.

पंपाच्या मोटारीसंबंधी थोडक्यात सांगतो. दोन ध्रुवांची मोटार मिनिटाला सुमारे २,८८० फेरे घेते, म्हणजे ४८ हर्ट्झ. या ठिकाणचे शिखर वाढले तर फिरता भाग असमतोल झाला, त्याच्या दुप्पट ठिकाणी वाढले तर मोटार व पंप एका रेषेत नाहीत, आणि पूर्ण पटींत न बसणारी शिखरे वर उगवू लागली तर बेअरिंग जाण्याच्या वाटेवर आहे, असा अनुभवी लोकांचा सर्वसाधारण ठोकताळा आहे. रिवाइंडिंगच्या दुकानांनी दुरुस्तीपूर्वीचा व नंतरचा वर्णपट जपून ठेवण्याची पद्धत पाडली तर गिऱ्हाइकाचा व दुकानदाराचा दोघांचाही फायदा होईल.

साउंड कार्डाची धाव कोठपर्यंत, हेही जाणून घेतले पाहिजे. सेकंदाला ४८,००० मोजमापे घेणाऱ्यास २४,००० हर्ट्झपर्यंतचीच कंपने ओळखता येतात, कारण प्रत्येक आंदोलनास निदान दोन मोजमापे मिळालीच पाहिजेत. आकाशवाणीच्या मध्यम लहरी लाखो हर्ट्झच्या, त्यामुळे त्या या जाळ्यात येत नाहीत. परंतु तारेचे पुष्कळ वेढे घेतलेली मोठी चौकट माइकच्या जागी जोडली, तर तिरुनेलवेलीजवळच्या नौदलाच्या केंद्रावरून पाणबुड्यांसाठी १८,२०० हर्ट्झवर होणारे प्रक्षेपण या सीमेच्या आत बसते, आणि वळवाच्या दिवसांत दूर कोठेतरी कोसळणाऱ्या विजांच्या उभ्या रेषा पडद्यावर उमटतात. २४,००० च्या वरचे जे काही असेल ते साउंड कार्डातील गाळणी बाहेरच अडविते. यूएसबीत बसणाऱ्या स्वस्त ऑसिलोस्कोपांत अशी गाळणी बहुधा नसते, आणि मग अतिवेगवान कंपन संथ कंपनाचे सोंग घेऊन पडद्यावर येते: ४८,००० च्या मोजणीत ३०,००० हर्ट्झचे कंपन १८,००० म्हणून नोंदले जाते. अशा वेळी मोजणीचा वेग बदलून पाहावा. खरे शिखर जागचे हलत नाही, खोटे हलते.

संगणकाच्या साह्याने वर्णपट काढण्याच्या या विद्येचा महाराष्ट्रातील भव्य आविष्कार पाहावयाचा तर नारायणगावाजवळ खोडद येथे जावे. तेथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांतून येणारे संकेत पूर्वी खास बनविलेल्या विद्युत्‌मंडलांत मिसळले जात; २०१० च्या सुमारास पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या मंडळींनी हे काम बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या समूहावर, सॉफ्टवेअरच्या बळावर आणून ठेवले. तेव्हा तेथे ३.२ कोटी हर्ट्झ रुंदीचा पट्टा घेत, आपण २४,००० चा घेतो. एफएफटी मात्र तीच.

शाळा-महाविद्यालयांसाठी साउंड कार्डाहून सोयीचे एक देशी साधन आहे, आणि त्याचा प्रसार व्हावा तेवढा झालेला नाही याची मला खंत वाटते. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमध्ये अजित कुमार यांच्या प्रयत्नाने तयार झालेले ‘एक्सपआईज’ हे तळहाताएवढे यंत्र यूएसबीतून संगणकास जोडले जाते, उणे १६ ते अधिक १६ व्होल्टांपर्यंतचा दाब झेलते, सेकंदाला दहा लाखांपर्यंत मोजमापे घेते, आणि साउंड कार्ड ज्यापुढे हात टेकते तो स्थिर दाबही मोजते. त्याचा आराखडा व सॉफ्टवेअर दोन्ही सर्वांना खुले आहेत. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात त्यावरील पाठही आहेत. तालुक्याच्या प्रत्येक विज्ञान महाविद्यालयाने व आयटीआयने असे एक तरी यंत्र विद्यार्थ्यांच्या हाती, कपाटाबाहेर, ठेवले पाहिजे.

आता उरला खाणीचा हादरा. उमरेड, मकरधोकडा, गोकुळ या उघड्या खाणींच्या शेजारी ज्यांची घरे आहेत त्यांच्या दृष्टीने हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. सुरुंगामुळे जमीन किती हलावी याची मर्यादा खाण सुरक्षा महानिदेशालयाच्या १९९७ सालच्या सातव्या परिपत्रकाने घालून दिलेली आहे, आणि त्यातील कोष्टकाचा विशेष असा की त्यात मर्यादा वारंवारतेवर अवलंबून ठेवली आहे. खाणमालकाच्या मालकीच्या नसलेल्या राहत्या घरांसाठी, कच्ची असोत वा विटा-सिमेंटची, प्रमुख वारंवारता ८ हर्ट्झच्या खाली असेल तर जमिनीच्या कंपनाचा कमाल वेग सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झ असेल तर १०, आणि २५ च्या वर असेल तर १५, असा तो नियम आहे. कारण घराचे स्वतःचे स्वाभाविक डोलणे थोड्याच हर्ट्झचे असते. त्याच्या जवळपासच्या संथ हादऱ्यास घर साथ देते आणि भिंतींवर ताण येतो, तर तीव्र थरथर तेवढ्याच वेगाची असूनही पुष्कळदा निरुपद्रवी ठरते.

येथे साउंड कार्ड उपयोगी पडत नाही, हे स्वच्छ सांगितले पाहिजे. २० हर्ट्झच्या खालच्या प्रदेशात त्याची दृष्टी मंदावते, आणि नेमका तोच प्रदेश घरांसाठी निर्णायक आहे. मोबाइलमधील गतिमापक वापरणारे, जर्मनीतील आखेन विद्यापीठाचे ‘फायफॉक्स’ हे अ‍ॅप या खालच्या प्रदेशात पाहू शकते, आणि फोन पक्क्या फरशीवर नीट टेकवून ठेवला तर हादऱ्याचा काळ व ठळक वारंवारता यांचा अंदाज त्यातून येतो. परंतु मर्यादेशी तुलना करण्याजोगा वेगाचा आकडा जमिनीत रोवलेल्या, प्रमाणित केलेल्या जिओफोनच्या यंत्रानेच मिळतो, आणि कचेरीत पुरावा म्हणून तोच चालतो. फोनवरील आलेख घेऊन तक्रारीला गेले तर हाती काही लागणार नाही. मात्र कंपनमापनाचा अहवाल समोर आला असता त्यातील वेगाच्या रकान्याशेजारी वारंवारतेचा रकाना भरलेला आहे काय, ती वारंवारता हादऱ्याच्या संपूर्ण वर्णपटावरून काढली की एकाच आंदोलनावरून, यंत्र खाणीपासून किती अंतरावर व कोणत्या घराशी ठेवले होते, आणि त्या दिवशी ५, १० व १५ यांपैकी कोणती मर्यादा लावण्यात आली, हे चार प्रश्न ज्याने इन्व्हर्टरचा आणि तबल्याचा वर्णपट स्वतः काढून पाहिला आहे असा उमरेडचा कोणताही विद्यार्थी ग्रामसभेत उभा राहून विचारू शकतो.